कागदापुरतं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू तुमच्या लग्नाबद्दल दोन तास बोललास, तू हिंदू, ती मुसलमान. आईचा रक्तदाब, डिसेंबरची तिकिटं, नाशिकचं कार्यालय, तिच्या मामांचं म्हणणं. चहा निवून गेला. आणि निघताना दारात बूट चढवत म्हणालास, "मावशी, कागदापुरतं नाव बदललं तर असं काय बिघडतं?" मी काहीच बोलले नाही, कारण हा शब्द माझा आहे. 1988 साली पुण्यात मी तो माझ्या नवऱ्यासमोर वापरला होता, अगदी ह्याच सुरात.

लग्न करावं की नाही, ह्यावर मी लिहीत नाही. ते तुमचं ठरलंय आणि मला ती मुलगी आवडते. मी लिहितेय ते एकाच गोष्टीसाठी: ज्या कागदावर लग्नाची सही करायची, त्यावर दोघांची खरी नावं असली पाहिजेत.

तुझ्या आईचं म्हणणं, मुलीने शुद्धी करून घ्यावी, हिंदू होऊन नवं नाव घ्यावं, म्हणजे वैदिक पद्धतीने लग्न लागेल. तिच्या मामांचं म्हणणं, तू कलमा पढावास म्हणजे निकाह होईल. दोन्हीकडची माणसं तोच शब्द वापरतात, आणि तू मधे बसून कोणी खोटं बोललं तर कमी त्रास होईल ह्याचा हिशोब करतोयस. तिला विचारलंस का? दोन तासांत तिला काय वाटतं हे तू एकदाही सांगितलं नाहीस.

माझं काय झालं ते ऐक. माझा नवरा नगरचा, मराठी ख्रिश्चन घरातला. मी तेवीस वर्षांची. धर्म न बदलता लग्न करू देणारा विशेष विवाह कायदा होताच, पण त्यात 30 दिवसांची नोटीस कचेरीच्या फलकावर लागते आणि माझे सख्खे काका त्याच आवारात नोकरीला. नोटीस लागली त्याच संध्याकाळी घरी कळलं असतं. दुसऱ्या जिल्ह्यात महिनाभर राहून तिथे अर्ज करता येतो, पण नोटिशीची प्रत कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातही लावतात. आडोसा कुठेच नव्हता. शेवटी आईला हिंदू पद्धतीचं लग्न चालेल असं दिसलं, आणि मी त्याला म्हणाले, कागदापुरतं तर आहे. सकाळी नऊला शुद्धी, अकराला लग्न. नवं नाव कोणतं घेऊ, हे त्याने मलाच विचारलं. मीच सुचवलं. केवढा समजूतदार आहे, असं वाटलं मला.

इंग्लंडला यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याच्या पासपोर्टवर एक नाव आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसरं. प्रतिज्ञापत्रं, नोटरी, पुन्हा प्रतिज्ञापत्रं, ह्यात दोन वर्षं गेली. ते निस्तरलं. निस्तरलं नाही ते वेगळंच. त्या धावपळीत दाखल्याची एक प्रत सासऱ्यांच्या हाती पडली. ते मिशनच्या शाळेत शिक्षक होते, मितभाषी. रागावले नाहीत, भांडले नाहीत. पुढच्या पत्राच्या पाकिटावर त्यांनी मुलाचं ते नवं नाव लिहिलं, त्यांच्या वळणदार अक्षरात. त्यात टोमणा नव्हता. मुलाला आता ह्याच नावाने हाक मारलेली हवी, असं त्यांना खरंच वाटलं होतं. सात वर्षं पाकिटं तशीच येत राहिली. शेवटचंही. समोरासमोर खुलासा करायला दोघांनाही जमलं नाही, आणि मग ते गेले. ती पाकिटं नवऱ्याच्या कपाटात आहेत. मी ते कपाट आवरत नाही.

तू म्हणशील, संसार तर झालाच ना, मावशी? झाला, चांगला झाला. आणि तेव्हाच्या परिस्थितीत मी दुसरं काय करू शकत होते, हे मला आजही कोणी सांगावं. आई हृदयरोगी होती, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. हे सगळं खरं आहे. तरीही नोटीस लागू द्यायला हवी होती. आई रडली असती. ती पुढे रडलीच, फक्त तोवर सासऱ्यांचा मुलगा त्यांच्याकडून हिरावला गेला होता, माझ्या सोयीसाठी.

म्हणून पुन्हा सांगते. खरी नावं. ह्या एका गोष्टीसाठी माणसं किती झगडली ते तुमच्या पिढीला ठाऊकच नाही. 1872 चा पहिला विशेष विवाह कायदा ब्राह्मो समाजाच्या खटपटीने आला, पण त्यात लग्न करणाऱ्याला लिहून द्यावं लागे की मी हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन ह्यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. म्हणजे प्रेम करायचं तर आधी स्वतःला नाकारायचं. 1923 साली हिंदू, बौद्ध, शीख, जैन ह्यांना आपसात तेवढी सूट मिळाली. बाकीच्यांना थेट 1954 पर्यंत थांबावं लागलं. आपापला धर्म ठेवून लग्न करता यावं ह्यासाठी 82 वर्षं गेली, आणि तू ते आईचा फोन आला म्हणून सोडायला निघालास!

त्यातून त्या खोट्या कागदाला कायद्यातही बळ नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लागायला दोघंही हिंदू असावी लागतात (बौद्ध, जैन, शीख त्यात धरतात). एक हिंदू, एक ख्रिश्चन अशा जोडप्याचं त्या कायद्याखालचं लग्न सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली मुळातच शून्य ठरवलं. उद्या कोणी मिळकतीसाठी कोर्टात उभा राहून म्हणाला की ती शुद्धी देखावा होती, तर काय उत्तर देशील? देखावाच तर होती. आणि "इथे आधी निकाह उरकू, नोंदणी सावकाश" हेही नको. नुसत्या निकाहला इंग्लंडचा कायदा लग्न मानत नाही. अपील न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं की तो रद्दबातल विवाहसुद्धा धरला जात नाही, कायद्याच्या लेखी लग्न झालेलंच नसतं. म्हणजे फाटलंच तर घटस्फोटातले हक्क तिला मागताच येणार नाहीत. मांडव घालून नुसते सात फेरे घेतलेस तरी तेच.

तू लीड्सला राहतोस. मला जो आडोसा मिळाला नाही तो तुला आयता मिळालाय. दोघांनी रजिस्टर ऑफिसात स्वतः जाऊन नोटीस द्यायची. त्या आधी किमान सात दिवस तिथलं वास्तव्य हवं, ते तुमचं आहेच. नोटीस 28 दिवस लागते. तुम्ही दोघंही व्हिसावर, त्यामुळे मुदत 70 दिवसांपर्यंत लांबू शकते, तेव्हा डिसेंबरची तिकिटं आत्ता काढू नकोस. भारताच्या 1969 च्या परदेशी विवाह कायद्यात आपल्या वकिलातीमार्फत लग्नाची तरतूद आहे, पण त्याची नोटीस भारतातही प्रसिद्ध करतात. इथली नोटीस इथेच राहते.

मिळकतीवरून वडील काय म्हणाले तेही ऐकलं. वाटा बुडत नाही. दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल, तरी परदेशात झालेल्या लग्नाला तिकडचा विशेष विवाह कायदा परिणामांपुरता लागू होतो. त्याप्रमाणे तू अविभक्त कुटुंबातून वेगळा निघालास असं धरलं जाईल, म्हणजे तुझा हिस्सा वेगळा होईल. पुढे तुमच्या स्वतःच्या मिळकतीला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आणि हे मुद्दाम बघ: इथल्या विवाहनोंदीत धर्माचा रकानाच नाही. आईच्या नावाचा मात्र आहे. 4 मे 2021 पूर्वी इंग्लंड-वेल्समध्ये फक्त वडिलांचं नाव लिहीत, आता आईचंही लिहितात. तुझ्या आईचं आणि तिच्या आईचं नाव एकाच कागदावर येईल. हे आईला फोनवर सांग. तिला समजणार नाही असं आधीच धरून चालू नकोस. मीही माझ्या आईबद्दल तसंच धरलं होतं.

सही झाली की मग नाशिकला पूजा घाला, तिच्या घरी दुआ होऊ दे, दोन्हीकडे जेवणं घाला. त्याला माझी ना नाही, मी येईन. फक्त सही आधी, आणि खऱ्या नावाने.

आता आज संध्याकाळी तिला घेऊन बस, हे पत्र तिला वाचायला दे, आणि तिला काय हवं ते विचार. मग पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे काढून नोटिशीची वेळ घ्या. लग्नाला साक्षीदार दोन लागतात. एक मी आहे. दुसऱ्यासाठी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मुलीला सांग, मी माझ्या पासपोर्टवरच्या नावाने सही करीन.

तुझी,
मावशी