बॅलन्सिंग दोनदा झालं, तरी अँबेसिडर थरथरतेच

प्रश्न: दादा, वडिलांची १९७८ची अँबेसिडर आहे. जुनं इंजिन कामातून गेलं म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात कॉन्टेसा गाडीचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला, शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणारा दांडा) कापून नव्या मापाचा केला. आता साठ-पासष्टला सीटखालून घुर्रर्र आवाज आणि थरथर येते, न्यूट्रल केली तरी तीच. शाफ्ट दोनदा बॅलन्स केला. मेकॅनिक म्हणतो इंजिन पाणसळ लावून एकदम सपाट बसवलंय. मी अँगल गेज लावलं: इंजिन ०, शाफ्ट मागे उतरता ५ डिग्री, पिनियनचं (मागच्या एक्सलमधला, शाफ्ट जोडतो तो गिअर) नाक वर ४ डिग्री. चुकतंय कुठे?
– एक वाचक, माजिवडा, ठाणे

उत्तर: न्यूट्रलमध्येही येतंय म्हणजे इंजिनला सोडा, गडबड शाफ्टकडे आहे, आणि खरं म्हणजे तुमच्या आकड्यांतच उत्तर पडलंय. शाफ्टच्या दोन टोकांना क्रॉस, म्हणजे वाकड्यातही फिरणारे सांधे असतात. पुढच्या क्रॉसला ५ डिग्री, मागच्याला, नाक वर म्हणजे पिनियनही मागे उतरतंच, म्हणून ५ वजा ४ म्हणजे फक्त १. हे दोन सारखे पाहिजेत, फरक १ डिग्रीच्या आत.

का, ते सांगतो. क्रॉस वाकड्यात फिरतो तेव्हा एका फेरीत शाफ्टचा वेग दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात उलटं करून ते फेडतो, पण कोन सारखा नसेल तर उधारी राहते आणि ती तुमच्या सीटखाली येते. कोन दुप्पट केला की हा हिसका साधारण चौपट होतो, म्हणून ५ डिग्री खूप झाले, १ ते ३ मध्ये ठेवा. बॅलन्सचा दोष फेरीत एकदा मारतो, कोनाचा दोनदा. साठच्या स्पीडला, साडेचारचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या साडेचार) धरला तर शाफ्ट मिनिटाला २२०० च्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला सत्तरच्या वर ठोके. मग बॅलन्सिंगवाल्याला कितीही पैसे दिले तरी काय होणार?

मेकॅनिकची चूक पाणसळीची. सपाट म्हणजे बरोबर असं नसतं हो, इंजिन मागे साधारण ३ डिग्री उतरतं ठेवायचं आणि पिनियनची रेघ त्याला समांतर. काही जण पिनियनचं नाक थेट गिअरबॉक्सकडे रोखतात, दिसायला सरळ वाटतं, पण साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला तेही चुकीचंच. आणि कोन शून्यही नको, क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात.

आधी शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आहेत का बघा, कापून वेल्डिंग करताना किंवा स्प्लाइन (शाफ्टचा दात्यांचा सरकता जोड) परत घालताना एक दात चुकला तरी सगळं गणित फिसकटतं. ते ठीक असेल तर गिअरबॉक्सचं माउंटिंग खाली घेऊन इंजिन ३ वर आणा. शेपूट खाली आलं की शाफ्टचा उतारही कमी होतो, तो परत मोजा, समजा साडेचार आला. मग पिनियन २ वर आणायचं, ३ वर नाही! कारण मागे कमानपाटे आहेत, जोर लागला की पाटे पिळतात आणि नाक डिग्रीभर वर जातं, गायमुखच्या चढाला थर्डमध्ये दाबाल तेव्हा ते बरोबर समांतर येतं. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालायची, जाड बाजू पुढे की मागे ते गेज धरूनच ठरवा. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट लांब घ्या, एक्सल आवळणारे यू-बोल्ट दोनशे किलोमीटरनंतर परत आवळा.

मोजताना गाडी चाकांवरच उभी हवी, गॅरेजातल्या खाली उतरायच्या खड्ड्यावर घ्या. लिफ्टवर एक्सल लोंबकळत असताना घेतलेले आकडे फुकट.

प्रश्न: माझी १९७२ची फियाट आहे, तिच्यात नवीन इंजिन टाकून व्हिंटेज नंबर मिळेल का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी पाहिजे आणि मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल चालत नाहीत. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. रोज वाशीला ऑफिसला न्यायची असेल तर त्या नंबरचा उपयोग नाही, नेहमीच्या वापराला तो चालतच नाही. जुनं इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून घासून) ठेवा, आणि इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओत विचारा, मग इंजिन घ्या.