अमेरिकेत वणवा विझवणाऱ्या सरकारी जवानांचा पगार कायद्याने 42 टक्क्यांनी वाढला, हे खरं आहे का?

42 टक्के हा आकडा 2025 च्या कायद्यात आहे, पण तो सगळ्यांत खालच्या म्हणजे जीएस-1 श्रेणीसाठी (जीएस म्हणजे केंद्र सरकारी नोकरीतल्या 1 ते 15 अशा पगारश्रेणी). वणव्यावर जाणारं माणूस त्या श्रेणीत क्वचितच सापडेल. तिथून वर प्रत्येक श्रेणीला तीन-तीन टक्के कमी होत जातात. जीएस-4 ला 33, जीएस-5 ला 30, जीएस-9 ला 18, आणि शेवटी जीएस-15 च्या साहेबांना दीड. ज्याचा पगार कमी त्याला वाढ जास्त, हे मला अगदी योग्य वाटतं.

मी उत्तर कॅलिफोर्नियात राहते आणि पगारपत्रकं करणं हेच माझं काम आहे, म्हणून थोडं खोलात सांगते. हे शहरातल्या फायर ब्रिगेडचे लोक नव्हेत. फॉरेस्ट सर्व्हिस आणि इंटिरिअर खातं या केंद्र सरकारच्या यंत्रणांचे हे जवान डोंगरात कुदळ-कुऱ्हाडी घेऊन आग अडवणाऱ्या जाळरेषा काढतात. त्यांतल्या बहुतेकांना कागदोपत्री कित्येक वर्षं 'फॉरेस्ट्री टेक्निशियन' म्हटलं जायचं, आणि 2021 पर्यंत नवख्याला ताशी 15 डॉलरही मिळत नव्हते.

नोव्हेंबर 2021 मध्ये पायाभूत सुविधांचा मोठा कायदा झाला, त्यात यांच्यासाठी जादा वेतन आलं: वर्षाला 20,000 डॉलर किंवा मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, यांतलं जे कमी असेल ते. पण ते तात्पुरतं होतं. 2023 च्या शरदात पैसे संपत आले आणि मग काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दर खेपेला थोड्या महिन्यांची मुदतवाढ देत राहिली. पुढच्या महिन्यात पगार एकदम एक तृतीयांशाने घसरेल की काय, या टांगणीवर माणसं आगीत जात होती. घरभाडं, मुलांची शाळा, काहीच नीट ठरवता येत नव्हतं. बरेच अनुभवी लोक याच काळात नोकरी सोडून गेले, त्यांना दोष कसा द्यायचा?

15 मार्च 2025 ला सही झालेल्या खर्चाच्या कायद्याने हा प्रश्न कायमचा मिटवला. आता वाढ थेट मूळ वेतनात धरली जाते. आपल्याकडे महागाई भत्ता मूळ वेतनात मिसळला की कर्मचारी का सुखावतात, ते तुम्हाला ठाऊकच असेल. इथेही पेन्शन काढताना सर्वाधिक मूळ वेतनाच्या सलग तीन वर्षांची सरासरी धरतात. या जवानांना वीस वर्षं नोकरी झाली की पन्नाशीला निवृत्त होता येतं, आणि 57 व्या वर्षी व्हावंच लागतं. म्हणजे मूळ वेतनात आलेला एकेक डॉलर म्हातारपणापर्यंत पुरतो. बोनसचं तसं नसतं.

आता बातम्यांत न येणारी बाजू. ज्याचं जुनं मूळ वेतन वर्षाला 40,000 डॉलर होतं, त्याला तात्पुरत्या योजनेत 20,000 जादा मिळत होते. जीएस-5 असेल तर नव्या कायद्याने 12,000 मिळतात. ओव्हरटाइम बाजूला ठेवला तर वर्षाला 8,000 डॉलर कमी! ही तूट भरायला दुसरी तरतूद आहे. मोठ्या वणव्यावर पाठवलं, की दर दिवसामागे साडेचार तासांचा मूळ पगार जास्तीचा. वरच्या उदाहरणात, 52,000 डॉलरच्या नव्या मूळ वेतनावर, हे दिवसाला साधारण 112 डॉलर होतात, म्हणजे तूट भरून काढायला सत्तरेक दिवस आगीवर काढायला हवेत. वर्षाची कमाल मर्यादा 9,000 डॉलर. सुरुवातीलाच धावून जाऊन 36 तासांच्या आत आटोक्यात आणलेल्या आगीला हा भत्ता लागू नाही. हे मला खटकतं. आग लवकर विझवणं हीच तर खरी कामगिरी.

याहून मोठी उणीव तासांच्या हिशोबात आहे. मोठ्या आगीवर केंद्राच्या जवानाला साधारणपणे 16 तासांचा पगार मिळतो. उरलेले आठ तास तो धुरातल्या तळावर जमिनीवर झोपलेला असतो, घरी जाऊ शकत नाही, पण ते बिनपगारी. त्याच आगीवर शेजारी उभ्या असलेल्या कॅलिफोर्निया राज्याच्या जवानाला चोवीस तासांचे पैसे मिळतात. आग एक, धूर एक, आणि पगार वेगळा.

टिम हार्ट या स्मोकजंपरचा, म्हणजे विमानातून उडी मारून वणव्यावर उतरणाऱ्या जवानाचा, 2021 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आगीवर जखमी होऊन मृत्यू झाला. त्याच्या नावाचं विधेयक त्याच वर्षी काँग्रेसमध्ये मांडलं गेलं, आणि ठाणं सोडल्यापासून परत येईपर्यंतच्या सगळ्या तासांचा पगार ही त्यातली एक मागणी होती. मूळ वेतनाचा भाग 2025 मध्ये दुसऱ्या वाटेने मिळाला. तासांची ही मागणी मात्र त्या कायद्यात आली नाही, आणि ती मान्य झाल्याशिवाय या जवानांना पुरता पगार मिळाला असं मी म्हणणार नाही.