एबीएसचा दिवा लागला तर आधी चाकाकडे बघ

अरे, एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक (जाम) होऊ न देणारी यंत्रणा. तिचा दिवा लागला की लगेच तिचं महागडं मॉड्यूल, म्हणजे कंट्रोल युनिट, बदलायला निघू नकोस. आधी चाकाजवळचा, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते ओळख. जुन्या पॅसिव्ह सेन्सरात चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. समोरून दातेरी रिंग फिरली की एसी व्होल्टेज तयार होतो. चाक फारच हळू फिरलं तर सिग्नल जवळजवळ नसतोच. नव्या ॲक्टिव्ह सेन्सरला बाहेरून वीज लागते, त्याचा रेझिस्टन्स मोजत बसू नकोस, उलट तोच बिघडायचा.

आपल्याकडे गोव्यात, विशेषतः कळंगुट-कोळव्याकडच्या गाड्यांत, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो, सेन्सर किंचित उचलला जातो, रिंगपासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल कमजोर होतो. मग थांबता थांबता पेडल उगाच थरथरतं, कारण युनिटला वाटतं चाक लॉक झालं. बैठक घासून साफ कर, कनेक्टरमधला हिरवा गंजही बघ. बेअरिंग बदलताना मात्र जपून: काहींच्या सीलमध्येच दातेरी रिंगऐवजी चुंबकीय पट्टी असते, दिसायला साधं रबर. उलटं बसवलंस तर सिग्नल येणारच नाही.