मेंढरं सारखी शिंकतात आणि नाकातनं अळी पडली, हे काय असेल?

तुम्ही लिहिलंय की ऊन तापलं की मेंढरं घोळका करून एकमेकींच्या पोटाखाली तोंड खुपसतात, पाय आपटतात, नाकातनं घट्ट शेंबूड येतोय, सर्दीचं औषध देऊनही फरक नाही आणि काल एक शिंकली तर जाड अळी पडली. ही सर्दी नव्हेच. नाकात अळ्या सोडणारी माशी असते, तिचं काम आहे हे. आणि गावातले म्हणतात तसं डोक्यात किडा गेला म्हणून मेंढरू खाटकाला द्यायची अजिबात गरज नाही, घाई करू नका.

आम्ही कोल्हापूरचे, हातकणंगलेकडचे, घरात मेंढरं आहेत म्हणून सांगतो. ती पडलेली अळी परत दिसली तर नीट बघा, पिवळसर पांढरी, पाठीवर काळपट आडवे पट्टे, तोंडाला दोन बारीक आकडे. आकारानं 2-3 सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण वाढलेली. माशी करडी, मधमाशीएवढी, ती चावत नाही आणि काही खातही नाही कारण तिला धड तोंडच नसतं. अंडी पण घालत नाही, अळ्या पोटातच तयार होतात आणि ती उडता उडता नाकपुडीत जिवंत अळ्यांची चूळ टाकते, एका वेळी 25 पर्यंत. मेंढरं नाक जमिनीला टेकवून उभी राहतात ती त्याच भीतीनं, आणि तेवढा वेळ चरणं बंद, मग वजन उतरणारच. अळ्या नाकातनं कपाळाच्या पोकळीत चढतात, तिथं वाढतात, मग परत खाली येऊन शिंकेबरोबर पडतात, मातीत कोष करतात आणि महिना-दोन महिन्यात नवीन माशी तयार.

उपाय म्हणजे आयव्हरमेक्टिन, कातडीखाली इंजेक्शन. 1 टक्क्याचं असेल तर 50 किलो वजनाला 1 मिली, म्हणजे 25 किलोच्या मेंढराला अर्धा मिली, पण डोस डॉक्टरांना विचारूनच. फक्त शिंकणाऱ्यांना नाही, अख्ख्या कळपाला द्या, कारण बाकीच्यांच्या नाकात बारीक अळ्या असणारच, त्या अजून दिसत नाहीत एवढंच. औषध दिल्यावर ठरलेले दिवस दूध-मटण वापरायचं नाही. नाकात तेल, रॉकेल असलं काही घालू नका, श्वासनळीत गेलं तर मेंढरू हातचं जाईल. दुपारी सावलीत बांधा, चराई सकाळ-संध्याकाळ.

आता एक महत्त्वाचं. शेंबूड नाही, शिंक नाही, पण मेंढरू मान वाकडी करून एकाच बाजूला गरगर फिरतंय, तर तो वेगळा रोग, मेंदूत पाण्याची गाठ असते आणि ती कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीमुळं होते. त्याला हे इंजेक्शन चालत नाही. म्हणून मेलेल्या मेंढराचं मुंडकं कुत्र्याला कच्चं टाकू नका आणि राखणीच्या कुत्र्यांना जंताचं औषध वेळेवर द्या. पावसाळ्यात शेपटीखाली, जखमेत किडे पडतात ते पण या माशीचे नव्हेत, तिथली लोकर कातरून जखम साफ करायची, मग मलम.

आणि स्वतःला जपा. हीच माशी कधी कधी राखणाऱ्याच्या डोळ्यात अळ्या सोडते, डोळ्यात खडा गेल्यागत टोचतं, पाणी येतं, लाल होतो. चोळत बसू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा आणि मेंढरात होतो हे आधी सांगा म्हणजे ते अळी शोधतील.