पिनांचा कागद आधी

नागपूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या आणि चेन्नईच्या विद्यार्थ्यांबरोबर, एकमेकांना न भेटता, केवळ इंटरनेटवरून एक लहानशी चिप तयार करण्याचा तुमचा बेत वाचून मला मनापासून आनंद झाला. नागपुरात बसून हे जमेल का, असे तू विचारले आहेस. १९७९ साली संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून अमेरिकेतल्या १२ विद्यापीठांतील १२४ जणांची ८२ डिझाइने आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरून मागवली, ती एकत्र बसवून वेफर, म्हणजे चिपा ज्यावर घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, तयार करून घेतले आणि मुदत संपल्यापासून महिन्याभराच्या आत चिपा रवाना केल्या. त्या वेळचे नेटवर्क आजच्या मानाने अगदी मंद होते. तरीही काम जमले, कारण चिपवरची पॉलिसिलिकॉनची पट्टी किमान दोन लॅम्डा (लॅम्डा हे डिझाइनमधले लांबीचे एकक) आणि धातूची तीन लॅम्डा रुंद हवी, इथपासून फाइल कोणत्या स्वरूपात पाठवायची इथपर्यंत सारे नियम सर्वांनी आधीच मान्य केले होते.

आम्हाला हे फार उशिरा उमगले. आम्हीही एकदा अशीच वाटून घेऊन चिप केली; आमच्या चमूकडे टायमर होता आणि दुसऱ्या गावच्या चमूकडे उरलेले सर्किट. दोघांचेही सिम्युलेशन आपापल्या जागी निर्दोष होते. चिप हाती आली तेव्हा मे महिन्यातली दुपार होती, प्रयोगशाळेत कूलर घरघरत होता, ऑसिलोस्कोपवर क्लॉक, म्हणजे सर्किटला ताल देणारा सिग्नल, स्वच्छ दिसत होता आणि आउटपुटची रेघ मात्र सरळ, निश्चल होती. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचा व्हेरिलॉग, म्हणजे सर्किटचे वर्णन करणारा कोड, शेजारी ठेवून वाचला, तेव्हा आमच्या ओळीत रिसेटच्या, म्हणजे सर्किट मूळ स्थितीत आणणाऱ्या सिग्नलच्या, आधी ‘उलट’ असा अर्थ असलेले एक उद्गारचिन्ह आढळले आणि त्यांच्या ओळीत ते नव्हते. आमचा रिसेट शून्यावर चालत होता, त्यांचा एकवर, त्यामुळे त्यांचे सर्किट सुरू झाले की आमचा टायमर रिसेटमध्येच अडकून पडत होता. वर्षभराची मेहनत एका चिन्हापायी गेली, याचे दुःख मला अजून आहे.

म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी पिनांचा कागद तयार करा. प्रत्येक सिग्नलचे नाव, किती बिटांचा, कोणाकडून कोणाकडे जाणारा, क्लॉकच्या कोणत्या कडेला वाचायचा, रिसेटनंतर त्याची किंमत काय, हे सारे त्यात असावे आणि तिन्ही चमूंनी तो मान्य करावा. पहिल्याच आठवड्यात रिकाम्या मॉड्यूलांचा सांगाडा जोडा आणि त्यापुढे रोज रात्री पूर्ण चिपचे सिम्युलेशन आपोआप चालू द्या. माझ्या मते याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये व्हेरिलॉग आणि स्क्रिप्ट ठेवा, पण लेआउटच्या, म्हणजे चिपवरच्या प्रत्यक्ष आराखड्याच्या, फाइली मजकुरासारख्या एकमेकींत मिसळता येत नाहीत, म्हणून प्रत्येक ब्लॉकच्या लेआउटला हात लावणारी व्यक्ती एकच ठेवा.

टूल्सविषयी थोडेच सांगतो. फाउंड्रीची, म्हणजे चिपा बनवणाऱ्या कारखान्याची, माहिती सहसा गोपनीयतेच्या करारात बांधलेली असते आणि ती तीन कॉलेजांच्या ग्रुपवर टाकणे हा करारभंग ठरतो. २०२० साली गुगल आणि स्कायवॉटर ही फाउंड्री यांनी १३० नॅनोमीटरच्या चिपा डिझाइन करण्यासाठी लागणाऱ्या अशा माहितीचा संच सर्वांसाठी खुला केला, त्यामुळे मॅजिक, केलेआउट, ओपनलेन अशा मोफत टूल्सवर तुम्ही हे काम उघडपणे वाटून घेऊ शकता. केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेतून तुमच्या कॉलेजला व्यावसायिक टूल्स मिळालेली असतील, तर मात्र त्यांच्या अटी सरांना विचारूनच पुढे जा.

येत्या रविवारी सकाळी धरमपेठेतल्या घरी ये. पिनांचा कागद जसा झाला असेल तसा घेऊन ये. रिसेटची ओळ आपण आधी वाचू.

तुझे सर