विचारा, बिनधास्त विचारा: ‘लाइफटाइम’ म्हणजे नेमकं कोणाचं आयुष्य?

गणेश चवथीनंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर तीन पत्रं एकाच शब्दावर, लाइफटाइम. ठरवून लिहिलीत की काय देव जाणे, पण तिन्ही एकदमच घेतो.

प्रश्न: चवथीला घरी सगळी मंडळी जमलेली. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधता बांधता पोरांचं अभ्यासावर बोलणं सुरू झालं. पुतणी फिजिक्सवाली, ती म्हणे म्युऑन नावाच्या कणाचं लाइफटाइम २.२ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). सून केमिस्ट्रीवाली, तिच्या लॅबमधलं लाइफटाइम नॅनोसेकंदांत, म्हणजे त्याच्याही हजाराव्या भागात. भाचा स्टॅटिस्टिक्सवाला, तो म्हणे आमच्याकडे जो अजून मेला नाही त्याचं लाइफटाइम काढणं हाच खरा प्रॉब्लेम. मी विचारलं, २.२ झाले की म्युऑन मरतो का? तर पुतणी म्हणते, नाही काका, काही आधी जातात, काही नंतर. मग त्याला लाइफटाइम कशाला म्हणायचं? – एक वाचक, फोंडा

उत्तर: काका, पुतणी बरोबर बोलली आणि तुमचा आक्षेपही बरोबर आहे, घोळ शब्दाचा आहे. आपण आयुष्य म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर कोणीतरी एक असतं, आजी, बैल, नाहीतर स्वयंपाकघरातला मिक्सर. फिजिक्सवाल्यांच्या डोळ्यासमोर गर्दी असते आणि ते त्या गर्दीची सरासरी सांगत असतात. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ, जन्मतो आणि लगेच फुटतो. असे १०० घेतले तर २.२ मायक्रोसेकंदांनी साधारण ३७ शिल्लक राहतात, बाकीचे गेलेले.

आता खरी मजा त्या ३७ जणांची. तुम्हाला वाटेल हे म्हातारे झाले, आता जातीलच. तर नाही! त्यांचं पुढचं सरासरी आयुष्य परत २.२ मायक्रोसेकंदच, जणू आत्ताच जन्मलेत. आमच्या भाटात वडिलांनी लावलेला एक माड आहे, साठी उलटलीय त्याची. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, चढायच्या आधी खोडावर कोयत्याची मूठ आपटतो, आवाज ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो पुढच्या वर्षी ह्याच्यावर मी चढणार नाही हां. म्युऑनवर तसं कितीही आपटून बघा, काही कळणार नाही, कारण त्याला झीज नाही की वय नाही. दर क्षणाला फुटायची शक्यता तेवढीच, पहिल्या क्षणी पण आणि हजाराव्या क्षणी पण. म्हणजे तिथे लाइफटाइम हा आकडा खरंतर ती शक्यताच वेगळ्या शब्दांत सांगतो, आयुष्याची मुदत वगैरे काही सांगत नाही.

ह्यातच अर्धायुष्याचा पण गोंधळ असतो. निम्मे संपायला लागणारा वेळ म्हणजे हाफ-लाइफ आणि सरासरी म्हणजे लाइफटाइम, पहिला आकडा दुसऱ्याच्या ०.६९३ पट. कार्बन-१४ म्हणजे कार्बनचा आपोआप फुटत जाणारा प्रकार, त्याचं हाफ-लाइफ ५७३० वर्षं, पण सरासरी आयुष्य सुमारे ८२७० वर्षं. कार्बन तोच, आकडे दोन, आणि पेपरात बातमी लिहिणारा दोन्हींना बिनधास्त ‘आयुष्य’ म्हणून मोकळा होतो.

सुनेच्या लॅबमध्ये तर कोणी मरतच नाही. रेणूने प्रकाश गिळला की तो जोशात येतो आणि काही नॅनोसेकंदांनी तो प्रकाश बाहेर टाकून परत शांत होतो, चमक देणाऱ्या रंगांचं हेच चालतं. रेणू शाबूत, फक्त जोश उतरला, त्या जोशाचं हे लाइफटाइम.

माणसांत उलटी गंमत. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्या देशात जन्मतःचं अपेक्षित आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं, म्हणून लोक समजतात की तेव्हा माणसं तिशीत म्हातारी व्हायची. अहो, पोरं पाळण्यात जायची म्हणून सरासरी खाली! जी वाचली त्यातली कितीतरी सत्तरी गाठायची, तुमच्या घरात पण असेल की अशी एखादी पणजी. कुठल्या वयात किती जण जातात ह्याचं कोष्टक मांडायचं काम जुनं आहे, धूमकेतूवाल्या हॅलीनेच १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन ते केलं, कारण माणसाला आयुष्यभर पेन्शन द्यायची तर आज त्याच्याकडून किती पैसे घ्यायचे हा हिशोब हवा होता.

आणि भाच्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. समजा वाड्यावर फ्रिज किती वर्षं टिकतात हे काढायचंय आणि तुम्ही फक्त भंगारात गेलेल्या फ्रिजांची सरासरी काढली, तर उत्तर कमीच येणार, कारण २० वर्षं झाली तरी घुर्र करत चाललेला शेजारणीचा फ्रिज हिशोबात आलाच नाही. तो ‘निदान २० तरी’ असा अर्धवट आकडा पण कामाचा असतो, तो कसा वापरायचा ह्याची पद्धत कॅप्लन आणि मायर ह्यांनी १९५८ साली दिली आणि आज कॅन्सरच्या औषधांच्या चाचण्यांत तीच वापरतात.

जाता जाता, म्युऑन वर हवेत साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मतात. २.२ मायक्रोसेकंदांत प्रकाशाच्या वेगाने पळाले तरी ६६० मीटर जातील, जमिनीपर्यंत यायलाच नको. तरी येतात, तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जात असतो. वेगाने पळणाऱ्याचं घड्याळ आपल्याला सावकाश चालताना दिसतं म्हणून हे होतं, रॉसी आणि हॉल ह्यांनी १९४१ साली हे मोजून दाखवलं. म्हणजे लाइफटाइम कोणाच्या घड्याळाने हे पण विचारायला हवं, पुतणीला विचारा, खूश होईल.

प्रश्न: एलईडी बल्बच्या खोक्यावर २५,००० तास लाइफ लिहिलेलं. माझा दोन वर्षांत गेला. फसवणूक ना ही? – एक वाचक, डिचोली

उत्तर: तुमचा बल्ब बघितल्याशिवाय कसं सांगू, पण त्या आकड्याचा अर्थ सांगतो. २५,००० तास म्हणजे रोज ८ तास लावला तर साडेआठ वर्षं. पण एलईडी जुन्या बल्बसारखा फट्ट करून जात नाही, मंद मंद होत जातो, मग मेला कधी म्हणायचं? बहुतेक ठिकाणी ठरवलंय की उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं. म्हणजे मरण इथे चक्क ठरवून दिलंय! आणि तो आकडा एलईडीच्या चिपचा असतो, बल्बच्या बुडातल्या सर्किटचा असेलच असं नाही, बऱ्याचदा आधी तेच जातं, त्यात आपल्याकडचे व्होल्टेजचे चढउतार आणि पावसाळ्यातली दमट हवा.

कुठल्या वयात वस्तू किती प्रमाणात बाद होतात हे दाखवायला इंजिनियर लोक बाथटबच्या आकाराचा ग्राफ काढतात. सुरुवातीला कच्चा माल पटापट बाद होतो, मग बराच काळ क्वचित कोणी, तेही म्युऑनसारखं नशिबाने, आणि शेवटी झिजून सगळेच जायला लागतात. पुलाला पण डिझाइन लाइफ असतं, पण मांडवी नदीवरचा १९७० च्या सुमाराचा पूल जुलै १९८६ मध्ये पडला ते आमच्या पिढीला विसरता येत नाही, खाऱ्या हवेने आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. कितीतरी दिवस पणजी-बेती फेरीबोटीच्या रांगेत काढलेत आम्ही.

फसवणुकीचंच म्हणाल तर मी पण खाल्लीय. साधारण २००६ मध्ये एका मोबाइल कंपनीचं लाइफटाइम कार्ड घेतलं, पैसे मोजून, वाटलं आता मरेपर्यंत चिंता नाही. बारीक अक्षरात लिहिलेलं नंतर वाचलं, लाइफटाइम म्हणजे कंपनीच्या लायसन्सची मुदत. माझं आयुष्य नव्हेच ते, त्यांचं!

प्रश्न: समुद्रशास्त्राच्या क्लासमध्ये रेसिडेन्स टाइम, म्हणजे एखादी गोष्ट एका जागी सरासरी किती काळ राहते ते, शिकवलं. समुद्रातल्या सोडियमचं आयुष्य काही कोटी वर्षं म्हणे. कोणी मोजलं? – एक विद्यार्थिनी, ताळगाव

उत्तर: कोणी बसून मोजलं नाही गं, भागाकार केला. कळंगुटच्या एखाद्या हॉटेलात कायम ३०० पाहुणे असतात आणि रोज १०० नवे येतात, तर माणूस सरासरी किती दिवस राहतो? ३. एकालाही न विचारता उत्तर मिळालं. अट एकच, जेवढे येतात तेवढे जायला पण हवेत. समुद्रात एकूण सोडियम किती आणि नद्यांतून दरवर्षी येतं किती, भागाकार केला की झालं.

ही अट विसरलं की काय होतं बघ. जॉन जोली नावाच्या आयरिश शास्त्रज्ञाने १८९९ साली हाच भागाकार केला आणि उत्तर आलं सुमारे ९ कोटी वर्षं. त्याने ते समुद्राचं वय समजलं, म्हणजे मीठ येतच राहिलं, गेलं कधीच नाही असं धरून. मीठ समुद्रातून जातं की, तळाच्या गाळात जातं, वाऱ्याने उडतं, उथळ खाड्या आटल्या की थर बनून बसतं, आपली मिठागरं तेच तर करतात छोट्या प्रमाणात. पृथ्वीचं वय आज आपण ४५४ कोटी वर्षं धरतो. हॉटेल कधी बांधलं ते त्याला शोधायचं होतं, हाताला लागला पाहुण्याचा मुक्काम.

हवेतल्या वाफेचा मुक्काम असाच ९-१० दिवसांचा, मिथेनचा सुमारे १२ वर्षांचा. कार्बन डायऑक्साइडचा मात्र एक आकडा कोणी सांगितला तर मान्य करू नकोस, त्यातला काही भाग थोड्या दशकांत समुद्र आणि झाडं घेतात आणि काही भाग हजारो वर्षं तसाच राहतो. परीक्षेत विचारलं तर दोन्ही लिही.