‘लस घेतली आणि बाळाला काही झालं तर?’

डॉक्टरांनी फाइलवर फ्लूची लस लिहून दिली, की ज्यांचं मन घेत नाही अशा गरोदर बायका माझ्याकडे बोलायला येतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल कुणी कधी काही विचारत नाही. ते आईने घेतलेलं असतं, बहिणीने घेतलेलं असतं. फ्लूच्या लशीचं तसं नाही. ‘साध्या सर्दीतापाला लस कशाला?’ इथून सुरुवात होते. जरा वेळ बोलत बसलं की मग खरं ते बाहेर येतं: ‘मॅडम, लस घेतली आणि बाळाला काही झालं तर?’

स्नेहलचाही प्रश्न तोच होता. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) चोविसावा आठवडा, दुसरं गरोदरपण. पहिलं तिसऱ्या महिन्यातच गेलेलं. नवरा म्हणत होता, ‘तू आणि आई मिळून काय ते ठरवा.’ सासूबाईंचा ठाम नकार. आणि मोबाइलवर नणंदेने पाठवलेला मेसेज: अमेरिकेत सिद्ध झालंय, फ्लूच्या लशीने गर्भपात होतो.

असा मेसेज हसण्यावारी नेऊ नये असं माझं मत आहे. एकदा पोट रिकामं झालेली बाई तो वाचते तेव्हा तिच्या काळजात काय होतं ते तिलाच ठाऊक. शिवाय या मेसेजच्या मुळाशी एक खरा अभ्यास होता. २०१७ मध्ये अमेरिकेत तो प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षीही स्वाइन फ्लूचा अंश असलेली लस घेतलेल्या बायकांमध्ये, नवी लस घेतल्यावर २८ दिवसांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं होतं. लशीमुळेच तसं झालं असं यावरून म्हणता येत नाही, हे त्या संशोधकांनीच सांगितलं होतं. मग पुढच्या तीन हंगामांतल्या आणखी बायकांची माहिती तपासली गेली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आला: लशीचा आणि गर्भपाताचा संबंध आढळला नाही, आदल्या वर्षी लस घेतलेली असो वा नसो. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला भाग उचलला, दुसरा सोडून दिला. स्नेहलला मी दोन्ही सांगितले. ती म्हणाली, ‘म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.’ नव्हतंच, आणि ते तसं कबूल केलं म्हणून पुढचं तिने ऐकून घेतलं असं मला वाटतं.

पुढचं म्हणजे, गरोदरपणात फ्लू हा साधा सर्दीताप का राहत नाही ते. गर्भाशय वाढतं तसा छाती आणि पोट यांच्यामधला पडदा (श्वासपटल) वर ढकलला जातो, फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते. हृदयावर काम वाढलेलं असतं. प्रतिकारशक्तीचं वागणंही बदललेलं असतं. म्हणून न्यूमोनिया व्हायचा, अतिदक्षता विभागात हलवावं लागायचा धोका एरवीपेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये या लशीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत वरचं प्राधान्य दिलं ते यामुळेच. दुसरं कारण बाळाचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला जे संरक्षण मिळायचं ते आईकडून, नाळेतून. बांगलादेशात ढाक्याला ३४० गरोदर स्त्रियांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटच्या तिमाहीत फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये, पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला.

आणि लशीतून फ्लू होतो का? इंजेक्शनच्या लशीत मेलेल्या विषाणूचे अंश असतात, त्यातून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दुसरा दिवस कसर येते. नाकात फवारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, ती गरोदरपणात देत नाहीत.

सगळं ऐकून स्नेहल गप्प बसली. फाइलच्या कोपऱ्याची घडी घालत, उलगडत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘मी आईंना न सांगता घेतली तर?’

हे बऱ्याच जणी विचारतात. मी तिला सांगितलं, शरीर तुझं आहे, निर्णय तुझा आहे, सही तुझी लागते, दुसऱ्या कुणाची नाही. पण चोरून घेऊ नकोस. रात्री अंग तापलं तर लपवत बसशील, डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटेमॉलची गोळीसुद्धा मागणार नाहीस. आणि पुढे काहीही झालं, अगदी त्या लशीशी संबंध नसलेलं, तरी ते एकटीच्या मनात वागवशील. ‘त्यांना घेऊन ये,’ म्हटलं.

काकू, म्हणजे स्नेहलच्या सासूबाई, आल्या. मी लशीचं काहीच काढलं नाही. ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ एवढंच विचारलं. लग्नानंतर त्या इंदापूरकडच्या एका खेड्यात राहायच्या. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, कुणाला न विचारता. पाचव्या दिवशी रक्त जायला लागलं आणि मूल गेलं. ‘इंजेक्शन सोसलं नाही,’ असं घरात ठरलं. ‘हिने घेतलं,’ असंही. तीस वर्षं झाली, अजून कार्यात कुणी ना कुणी ते बोलून दाखवतं. स्नेहलला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी काकूंना म्हटलं, गर्भ राहिल्याचं कळल्यानंतरही शंभरांतले दहा-पंधरा आपोआप जातात, इंजेक्शन घ्या की घेऊ नका. बहुतेक वेळा गर्भाच्या घडणीतच दोष असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कोट्यवधी बायकांनी घेतलंय, त्याने गर्भ जात नाही. इंजेक्शन आधी झालं आणि रक्त नंतर गेलं, एवढाच त्या दोहोंचा संबंध. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘हे तेव्हा कुणी सांगायला पाहिजे होतं हो.’

माझ्या अनुभवात या लशीला होणाऱ्या विरोधाच्या तळाशी बहुतेकदा दोषाची भीती असते. लस न घेता आजार आला तर तो नशिबाने आला, त्याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. लस घेतल्यावर काही झालं तर मात्र घेणारीकडे बोट. आणि आपल्याकडे मूल गेल्याचा दोष बाईवर ठेवायला घरं फार तत्पर असतात. त्यामुळे ‘नको’ म्हणणारी सासू मला अडाणी वाटत नाही. ती सुनेला त्या बोटापासून वाचवत असते.

बोलता बोलता काकूंनी स्वतःच २००९ साल काढलं. तेव्हा हे कुटुंब पुण्यात आलेलं होतं. ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद पडल्या. कापूर-वेलचीची पुरचुंडी करून मुलांच्या खिशात घातल्याचं त्यांना आठवत होतं. ‘तोच का हा?’ तोच विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून गेलाय, त्याचा अंशही या लशीत असतो. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, म्हणून पावसाच्या तोंडावर घेतलेली बरी. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. विषाणू बदलत राहतो, त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदा चालत नाही.

खर्चाचं नवऱ्याने फोनवर विचारलं. खासगीत दीड-दोन हजारांच्या घरात जाते. महाराष्ट्रात २०१५ पासून दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या स्त्रियांना सरकारी दवाखान्यांतून मोफत द्यायला सुरुवात झाली, पण साठा आहे का ते आधी विचारून जावं. पूर्वी कुठल्या लशीची किंवा अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल तर डॉक्टरांना सांगायचं. आणि लस घेतली म्हणून निर्धास्त राहायचं नाही. संरक्षण शंभर टक्के नसतं. ताप-खोकला आला तर काढा पीत थांबू नये, त्याच दिवशी दाखवावं, कारण फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं.

स्नेहलने सत्ताविसाव्या आठवड्यात लस घेतली. रात्री थोडी कसर आली, दंड दोन दिवस धरला होता. गोळी काकूंनीच काढून दिली. काकूंना मधुमेह आहे, म्हणजे लस त्यांनीही घ्यायला हवी, हे मी सांगितलं आहे. त्यांनी अजून घेतलेली नाही. साखर तपासायला जाणार आहेत तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारते, म्हणाल्या.